बंद दारांची यादी

३ फेब्रुवारी

प्रिय अंशी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर सांगते, छेदी लिहितेय. या नावाने मला हाक मारणारं तुझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. तुझे यजमान गेले तेव्हा मी लिहिलं होतं, त्याला सहा वर्षं झाली. तू उलट टपाली छापील कार्ड पाठवलं होतंस. त्यावर तुझी सही होती, म्हणून ते अजून ठेवलंय.

आज कामासाठी लिहितेय. कामाशिवायही लिहायला हवं होतं, हे मला कळतं.

माझी नात आता पंधराची झाली. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. बसते ती फक्त गणिताला. तिच्या शाळेत गणिताचा एक वेगळा वर्ग निघतोय, वीस मुलांचा. पुढे गणित घ्यायचं असेल तर याच वर्गातून जावं लागतं. चाचणी झाली, सध्याच्या मार्कांवर एकोणीस जागा भरतात. विसाव्या जागेसाठी भिंगरी आणि तिच्या बाकावरची मुलगी बरोबरीत आहेत. दोघींचा एकच प्रश्न चुकलाय, आणि तोही तोच.

प्रश्न असा आहे. एक अपूर्णांक. वर क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा, खाली क्ष वर्ग वजा चार. क्षच्या कुठल्या किमतींना हा अपूर्णांक शून्य होतो? वरचा भाग दोनला शून्य होतो आणि तीनलाही होतो. पण दोन घातले की खालीसुद्धा शून्य येतं, आणि शून्याने भागता येत नाही. तिथे अपूर्णांकच राहत नाही, मग तो शून्य कुठला होणार? म्हणजे उत्तर एकच, तीन. दोघींनी तीन लिहिलं. बाईंनी दोघींना फुल्ली मारली, कारण पुस्तकाच्या मागे उत्तर दिलंय: दोन आणि तीन.

पुस्तक तुझं आहे. पान एकशे बारा.

भिंगरीला हे मीच शिकवलंय, आपल्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांच्या पद्धतीने. एका बाकावर दोघी. उजवीकडची अंश सोडवणार, डावीकडची छेद. डावीकडचीने आधी लाल पेन्सिलीने समासात चौकट काढायची आणि छेद ज्या आकड्यांना शून्य होतो ते आकडे तिच्यात लिहायचे. सिस्टर त्याला बंद दारांची यादी म्हणत. मग उजवीकडचीची उत्तरं घ्यायची आणि चौकटीशी ताडून बघायची. चौकटीत सापडलं ते उत्तर खोडायचं. तू उजवीकडे बसायचीस, मी डावीकडे. चार वर्षं मी तुझी उत्तरं खोडली आणि तू मला ‘खोडरबर’ म्हणून चिडवलंस. भिंगरीने ही चौकट आपल्या बाकावरच्या मुलीलाही शिकवली. त्या बिचारीला फुल्ली मिळाली ती आमच्यामुळे.

बाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, पुस्तकात छापलंय त्याच्याविरुद्ध मी मार्क दिले तर उद्या सगळे भांडायला येतील. लेखिकेकडून एक ओळ लेखी आणा, मी दोघींना मार्क देते. हे चार मार्क मिळाले तर दोघी यादीत वर सरकतात, दोघींची जागा होते. नाही मिळाले तर दोघींतून एकच. यादी अठ्ठावीस तारखेला लागणार आहे.

छपाईची चूक असणार, दुसरं काय. तू फक्त एवढंच लिही: ‘पान एकशे बारा, या प्रश्नाचं उत्तर तीन, एवढंच.’ खाली सही. भिंगरी म्हणते फोन कर. तिला म्हटलं, फोनवर ती मला बोलू देत नाही.

मी अजून चष्म्याच्या दुकानात जाते. दिवसाकाठी तीन-चार तास, काचा घासायला. बोटांची टोकं कायमची पांढरी झालीत.

तुझी,
छेदी


९ फेब्रुवारी

माझी लाडकी छेदी,

तुझं पत्र आलं आणि मी ते घेऊन गॅलरीत जाऊन बसले, चहा गार होईपर्यंत. तुझ्या अक्षरात काही फरक नाही गं. तोच तो डावीकडे कललेला ‘क्ष’, वारा लागल्यासारखा.

किती काय काय आठवलं. आपला तो तिसरा बाक, त्यावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं जहाज. सिस्टरांच्या झग्याच्या खिशात वाजणारा किल्ल्यांचा जुडगा, तो वाजला की आपण वहीखालची गोष्टींची पुस्तकं मांडीवर ओढायचो. प्रार्थनेच्या वेळी तू डोळे उघडे ठेवायचीस आणि कुणाकुणाचे उघडे आहेत ते मला नंतर सांगायचीस. मी म्हणायचे, मग तुझेही उघडेच होते की. तुला ते कधी पटलं नाही. आणि ती निवडीची चाचणी आठवते का, मोठ्या हॉलमधली? तू खिडकीपाशी बसली होतीस. पाचव्या प्रश्नाला तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, हिचं सगळं झालं, माझं अजून अर्धं बाकी. आपल्याला तेव्हा एकमेकींशेजारी बसू दिलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्या भिंगरीचं वाचून डोळे भरून आले. अगदी तू. तिला माझा आशीर्वाद सांग. सोबत पुस्तकाची नवी प्रत पाठवतेय, आत तिच्यासाठी दोन शब्द लिहिलेत.

त्या ओळीचं म्हणशील तर ते तुला वाटतं तितकं सोपं नसतं गं. पुस्तक माझ्या नावाचं असलं तरी ते समितीने मान्य केलेलं आहे, अकरा आवृत्त्या झाल्यात. मी एका शाळेला परस्पर काही लिहून दिलं की उद्या दहा शाळा विचारतील. प्रकाशकांच्या कानावर घालेन, ते पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघतील. आणि खरं सांगू, चार मार्कांनी कुणाचं आयुष्य ठरत नाही. त्या वयात आपल्याला वाटतं तसं. तिला समजावून सांग, हुशार मुलं कुठेही चमकतात. तुझंच बघ, तू हाताने काम करत आलीस आणि किती समाधानात आहेस.

माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. मुलगा परगावी, सून फोनवर गोड बोलते. मागच्या महिन्यात शाळांच्या संघाने माझा सत्कार केला, तेव्हा भाषणात मी बाकावरच्या जोडीची पद्धत सांगितली. सगळ्यांना फार आवडली. तुझी फार आठवण झाली.

पत्र पाठवत जा. कामाशिवायसुद्धा.

सदैव तुझी,
अंशी


१३ फेब्रुवारी

अंशी,

पुस्तक मिळालं. ‘चिकाटी सोडू नकोस’ असं तू भिंगरीला लिहिलंयस. तिने वाचलं आणि लगेच पान एकशे बारा उघडलं. तिथे दोन आणि तीनच आहे. ‘आजी, यात तर ओळ नाही,’ एवढंच म्हणाली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा खूप बरं वाटलं. जहाज मी विसरले होते. दुसऱ्यांदा वाचताना एका जागी अडखळले. मी तुला निवडीच्या चाचणीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. पाचव्या प्रश्नाबद्दल तर नाहीच. मी पुस्तकातल्या प्रश्नाबद्दल विचारलं, आणि तू मला हॉलमध्ये नेऊन बसवलंस.

तेव्हा आठवलं. क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा. आपल्या चाचणीतला पाचवा प्रश्न हाच होता. शब्दन् शब्द हाच. मी हसले होते ते खरं आहे. मला वाटलं, सिस्टरांनी आपल्या दोघींसाठीच घातलाय हा प्रश्न, अंशीला एकटीलाही खाली बघता येतं का ते बघायला. मी तुला हसून तेच सांगत होते. ‘खाली बघ’ म्हणून.

तू काय लिहिलं होतंस, अंशी?

त्या चाचणीतून अध्यापक महाविद्यालयासाठी एकच मुलगी पाठवायची होती. तू तीन मार्कांनी पुढे होतीस. पेपर परत देण्याची तेव्हा पद्धत नव्हती, नुसतं फळ्यावर नाव लागलं. माझे मार्क कशात गेले ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी स्वतःच ठरवलं की वर्तुळाच्या आकृतीत गेले. कंपास सरकला होता, स्पर्शिका केसभर हुकली होती. चव्वेचाळीस वर्षं मी ती आकृती मनात पुन्हा पुन्हा काढतेय. दुकानात काच घासून झाली की ती खिडकीच्या गजासमोर धरून हलवायची असते. गज तुटलेला दिसला तर काच चुकली. मी दर वेळी दोनदा धरते. मालक म्हणायचे, एकदा बघितलं की पुरे, किती संशय तो. त्यांना काय सांगणार, माझा कंपास सरकतो.

आणखी एक सांगते. सिस्टर अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते. तू दौऱ्यावर होतीस. त्यांना बोलायला त्रास होत होता, तरी माझा हात धरून म्हणाल्या, ‘तू मोठ्या मनाची. एवढं कळूनही कधी बोलली नाहीस.’ मला वाटलं, त्या प्रार्थनागृहाच्या काचेबद्दल बोलताहेत. ती तू फोडली होतीस आणि शिक्षा मी घेतली होती. मी म्हटलं, जाऊ द्या हो सिस्टर, काच काय, दुसरी बसते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काचेसाठी कुणी रडत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या कशाबद्दल बोलत होत्या?

याचं उत्तर तुला वाटेल तेव्हा दे. पण ती ओळ आधी पाठव. पंधरा दिवस आहेत. भिंगरी रोज टपाल बघते.

छेदी


२० फेब्रुवारी

अंशी,

आठ दिवस झाले. पत्र पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहितेय. पोचलंय हे मला माहीत आहे.

बाईंनी काल दोघींना बोलावलं. म्हणाल्या, लेखी काही आलं नाही तर मी विसाव्या जागेसाठी असं करेन: जी मुलगी आपलं उत्तर स्वतः दुरुस्त करून, खोडून, सही करून देईल तिला ते मार्क. सत्तावीस तारखेपर्यंत. दुसरी मुलगी लगेच म्हणाली की ती खोडणार नाही. भिंगरी ‘बघते’ म्हणाली. घरी येऊन मला म्हणाली, ‘तुझी मैत्रीण आहे ना गं? मग लिहीत का नाही?’

याचं उत्तर तू दे.

छेदी


२६ फेब्रुवारी

छेदी,

ओळ वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहे. सही आहे, तारीख आहे. आज सकाळच्या टपालात टाकतेय, दोन दिवसांत पोचेल. पोचायला हवं.

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं. पाच कागद फाडले, कारण पाचही गोड होते.

मी दोन आणि तीन लिहिलं होतं. मी कधी खाली बघितलंच नव्हतं गं, खाली बघायला तू होतीस. हॉलमध्ये तू हसलीस ते मी बघितलं आणि मला वाटलं, ही मला चिडवतेय. उत्तरपत्रिका सिस्टरांनी एकटीने तपासल्या. त्यांनीही उत्तर काढून ठेवताना फक्त वरचा भाग सोडवला होता. तुला फुल्ली, मला बरोबर. नाव लागलं, मुख्याध्यापिका मदरच्या सहीने महाविद्यालयाकडे गेलं.

आठवड्याने सिस्टरांनी मला बोलावलं. शिवणाच्या खोलीत, खिडकीपाशी. तुझी उत्तरपत्रिका त्यांच्या मांडीवर होती आणि तुझी लाल चौकट वर दिसत होती. त्या म्हणाल्या, ‘आयुष्यभर मी एका बाकावर दोघी बसवल्या, आणि तपासायला एकटी बसले.’ त्या मदरकडे जायला निघाल्या होत्या. मी रडले. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं, वडिलांनी गल्लीत पेढ्याच्या— नाही, ते राहू दे, सबबी नकोत. मी रडले एवढंच. शेवटी त्या म्हणाल्या, मग निदान तिला खरं सांगायला हवं. ती म्हणाली तर मी मदरकडे जाते, ती गप्प राहिली तर तो तिचा मोठेपणा. तू सांगशील, की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगते.

त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी आले होते. तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस, तोंडात चिमटे होते. मला बघून चिमटे काढलेस आणि मिठी मारलीस. ‘तू गेलीस म्हणजे मीच गेले,’ म्हणालीस. त्यानंतर मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना सांगितलं की तुला सगळं सांगितलं आणि तू काही म्हणाली नाहीस. त्या मरेपर्यंत तसंच समजत होत्या. त्या कशाबद्दल बोलत होत्या, ते हे.

आता पुस्तकाचं. छपाईची चूक नाही ती. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी त्या उत्तराखाली रेघ मारून विचारलं होतं, ‘बाई, दोन चालेल का?’ मी समासात लिहिलं, आहे तसंच ठेवा. प्रश्न मी पुस्तकात का घातला ते मला धड सांगता येणार नाही. असं वाटलं, हजारो मुलांनी दोन लिहिलं, शिक्षकांनी बरोबर म्हटलं, की कधीतरी ते बरोबर होईल. मग मी तुझी जागा घेतलेली नसेन. दर आवृत्तीला मी आधी तेच पान उघडते.

सत्काराच्या भाषणात मी जोडीची पद्धत सांगितली, असं तुला लिहिलं होतं. ती माझी म्हणून सांगितली. तुझं नाव घेतलं नाही, सिस्टरांचंही नाही.

मी पहिल्याच पत्राला ओळ पाठवू शकले असते. हात उचलला नाही. त्या एका ओळीने बाकीचं सगळं खोडलं जाईल असं वाटत राहिलं.

मला माफ कर असं लिहिणार होते. लिहीत नाही.

अंशी


६ मार्च

अंशी,

तुझी ओळ दोन तारखेला मिळाली. यादी अठ्ठावीसला लागली होती.

भिंगरीने सत्तावीसला दुपारी आपलं तीन खोडून दोन आणि तीन लिहिलं, खाली सही केली आणि बाईंना दिलं. मला विचारलं नाही. यादीत विसावं नाव तिचं लागलं. घरात आनंद झाला, माझ्या मुलाने तिला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला. ती माझ्याजवळ आली आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, ‘आजी, रागवू नकोस. तुझी मैत्रीण काही लिहीत नाही, म्हणजे तीच बरोबर असणार.’

तिची चूक नाही. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मलाही चव्वेचाळीस वर्षं लावता आला नव्हता.

मग तुझं पाकीट आलं. दारात मीच होते, दुसऱ्या कुणी बघितलं नाही. पत्र वाचलं. रागाचं राहू दे, तो यायला अजून वेळ लागेल. पण ती वेगळी चिठ्ठी मी हातात घेतली आणि माझ्या लक्षात आलं की आता ही माझ्याकडे आहे. दाखवली, तर भिंगरीची जागा जाणार. नाही दाखवली, तर त्या दुसऱ्या मुलीला कधी कळणार नाही की ती बरोबर होती. तीही आपली एखादी आकृती शोधून काढेल आणि तिला दोष देत बसेल.

मी चिठ्ठी चष्म्याच्या जुन्या घरात ठेवली आणि घर कपाटात, साड्यांच्या खाली.

तुला हे कळायला हवं म्हणून लिहितेय. तीन दिवस मी ती तिथे ठेवली. पहिल्या दिवशी म्हटलं, पोरगी दमलीय, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लागलेली यादी कोण बदलतं, उगाच दोन मुलींच्या मनात विष कशाला. तिसऱ्या दिवशी ती दुसरी मुलगी आमच्याकडे आली, भिंगरीची वही परत करायला. दारातच उभी राहिली. मला म्हणाली, ‘आजी, तुमची चौकट मी आता काढत नाही. माझं काहीतरी चुकत असणार.’ आणि मी तिला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ‘हुशार मुलं कुठेही चमकतात गं.’ तुझंच वाक्य. माझ्या तोंडून असं सहज निघालं, जसं काही ते माझंच होतं.

ती वळून जिना उतरायला लागली. मी कपाटाकडे गेले. साड्या सगळ्या खाली पडल्या. चप्पल न घालता तिच्या मागे उतरले आणि रस्त्यावर तिच्या हातात चिठ्ठी दिली. तिने ती तिथेच, एका दुकानाच्या पायरीवर बसून वाचली. मग मान वर करून विचारलं, ‘ही कधी आली?’

मी खरं सांगितलं. परवा, म्हणून.

ती काही म्हणाली नाही. मोठ्या मनाची आहे असं मी म्हणणार नाही. तिने मला उभं-आडवं बघून घेतलं आणि गेली, आणि ते बरोबर होतं.

बाईंनी विसावी जागा काल तिला दिली. भिंगरीला ती दुरुस्तीवर मिळाली होती आणि दुरुस्तीच खोटी निघाली. तिचं बरोबर उत्तर तिने स्वतःच्या सहीने खोडलंय, आणि खोडलेल्याला मार्क देता येत नाहीत, असं बाई म्हणाल्या. नियम बरोबर आहे. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. सुनेने विचारलं, आई, तुम्ही नक्की कुणाच्या आजी? भिंगरी तिच्या खोलीत असते आणि दार लावून घेते.

आज सकाळी माझ्या टेबलावर तिची लाल पेन्सिल होती. नवीन टोक काढून, नीट कागदावर ठेवलेली. मला परत केलीय.

तुझी ओळ शाळेत राहिली, ती मागू नकोस. पुढच्या आवृत्तीत पान एकशे बारा बदल. ‘छपाईची चूक’ असं लिहू नकोस, नुसतं बदल. मी दुकानात आलेल्या मुलांच्या दप्तरातून बघेन.

आणि माफीचं. तू मागितली नाहीस ते बरं केलंस. कारण गेल्या महिन्यात मागितली असतीस तर मी पाकिटासकट फाडली असती. आता तेही जमत नाही. तुला चव्वेचाळीस वर्षं लागली आणि मला तीन दिवस. मला वाटायचं, आपल्यात याहून जास्त अंतर असेल.

छेदी